स्क्रॅचमध्ये स्वतःचा पॉपअप: आधी थांबणे, मग पाटी

चवथ (गणेश चतुर्थी) तोंडावर आली की आमच्या सातवीच्या वर्गाला प्रकल्पाचा विषय द्यावा लागत नाही. गेल्या वर्षी मुलांनी स्क्रॅचमध्ये, म्हणजे ब्लॉक जोडून खेळ बनवायच्या प्रोग्रामिंग भाषेत, माटोळी केली: गणपतीच्या वर टांगायची फळांची सजावट. वर लाकडी चौकट, खाली गणपतीची जागा आणि बाजूला ढीग: नारळ, सुपारीचा घोस, केळीचा घड, निरफणस, चिबूड, तवशे, आंबाडे, कांगला, घागऱ्या. माऊसने ओढायचे आणि चौकटीला टांगायचे. टांगलेले काढायचे असेल तर त्यावर नुसते क्लिक करायचे.

घोळ इथेच झाला. टांगलेला चिबूड जरा डावीकडे सरकवायला एखादा जायचा, माऊस हलवण्याआधीच बोट उचलायचा, आणि स्क्रॅच त्याला क्लिक समजायचा. चिबूड गायब. "सर, गेलो!" अशी हाक तासात दहा वेळा. मग वर्गानेच ठरवले की काढण्याआधी खेळाने विचारले पाहिजे. म्हणजे पॉपअप हवा, मध्येच उघडून उत्तर मागणारी खिडकी.

सगळ्यांनी एकसाथ चित्रकलेचा टॅब उघडला. गोल कोपऱ्यांच्या पाट्या झाल्या, सोनेरी कडा झाल्या, एकीने तर पाटीला आंब्याच्या पानांचे तोरण काढले. पाट्या उठून दिसत होत्या, पण खेळात काय व्हायचे? चिबूड आधी नाहीसा व्हायचा आणि मागाहून पाटी येऊन विचारायची, "काढायचा का?"

पॉपअपचे काम आहे थांबवणे. खेळ थांबतो, एक उत्तर येते, त्या उत्तराप्रमाणे खेळ पुढे जातो. पाटी हा त्याचा अंगरखा. म्हणून या लेखात आपण उलट क्रमाने जाणार आहोत. आधी काहीही न दाखवता थांबणारा पॉपअप करायचा, तो चालला की मगच पडदा, पाटी आणि बटणे चढवायची. ज्यांना घाई आहे त्यांनी चित्रे आधी काढून ठेवावीत, पण जोडू नयेत.

गोव्यातल्या शाळांत २०२१ पासून केअर्स या सरकारी योजनेतून कोडिंग आले. आमच्या प्रयोगशाळेत स्क्रॅचची इंग्रजी आवृत्ती आहे, म्हणून ब्लॉकची नावे पडद्यावर दिसतात तशीच, फक्त मराठी लिपीत लिहितो. एक सूचना आताच देतो, कारण अर्धा वर्ग इथेच अडकला होता: लेखात आकडे मराठी छापले आहेत, पण ब्लॉकमध्ये ते इंग्रजी आकड्यांनीच टाका. कारण पुढे येईल.

तयार ब्लॉक का पुरत नाहीत

स्क्रॅचकडे बोलायला दोन सोयी आहेत. 'से' ब्लॉक पात्राच्या डोक्यावर फुगा काढतो, पण उत्तर घेत नाही. 'आस्क अँड वेट' उत्तर घेतो आणि खरोखर थांबतोही, पण त्याची टंकायची चौकट स्टेजच्या (पात्रे वावरतात त्या चौकोनाच्या) तळाशी ठाण मांडून असते. ती हलवता येत नाही, तिला दोन बटणे देता येत नाहीत, आणि रद्द करायची सोयही नाही. फळ काढायचे की नाही यासाठी मुलाला प्रत्येक वेळी शब्द टाइप करायला लावणे म्हणजे शिक्षाच.

ज्यांनी एमआयटी अ‍ॅप इन्व्हेंटर वापरले आहे त्यांना आठवेल, तिथे 'नोटिफायर' नावाचा घटक मिळतो आणि दोन बटणांची खिडकी एका ब्लॉकमध्ये उघडते. मात्र तिथे कार्यक्रम त्या ब्लॉकपाशी थांबून राहत नाही. उत्तर 'आफ्टर चूजिंग' या वेगळ्या घटनेत येते. स्क्रॅचमध्ये तयार खिडकी नाही, पण थांबण्याची सोय जास्त सरळ आहे. मुलांना शिकवायला मला हेच सोपे वाटते.

वर्गात दाखवायला उत्तम नमुना स्क्रॅचच्या आतच आहे. 'मेक अ व्हेरिएबल' दाबा. खिडकी उघडते, मागचे सगळे झाकोळते, आणि ओके किंवा कॅन्सल केल्याशिवाय मागचा एकही ब्लॉक हलत नाही. मुलांना म्हणा, मागचा ब्लॉक ओढून दाखव. जमत नाही हे हाताला कळले की अर्धा धडा झाला.

पायरी पहिली: पाच व्हेरिएबल

व्हेरिएबल म्हणजे किंमत ठेवायचा, नाव दिलेला डबा. हे पाचही 'फॉर ऑल स्प्राइट्स', म्हणजे सगळ्या पात्रांसाठी, असे करा.

'पाटी' म्हणजे कोणती पाटी दाखवायची. 'डावे' आणि 'उजवे' म्हणजे दोन बटणांवर काय लिहायचे. 'निकाल' म्हणजे दाबलेल्या बटणाचे नाव. आणि 'पॉप' म्हणजे सध्या पॉपअप उघडा आहे की नाही: उघडा असेल तर १, नसेल तर ०.

'फॉर धिस स्प्राइट ओन्ली' निवडले तर चिबडाने ठेवलेला निरोप पाटीला कधीच वाचता येणार नाही. आमच्याकडे दोन गटांचा अख्खा तास यात गेला. व्हेरिएबल दिसत होते, नाव तेच होते, फक्त घर वेगळे होते.

पायरी दुसरी: थांबणारा, पण न दिसणारा पॉपअप

पॉपअपचा कारभार कोणी बघायचा? मी तो स्टेजकडे देतो. एक तर स्टेजला स्क्रिप्ट लिहिता येतात, 'ब्रॉडकास्ट' ने धाडलेले निरोप ऐकता येतात. दुसरे म्हणजे मुलांच्या हातून स्टेज डिलीट होत नाही. बाकी सगळे होते.

स्टेज निवडून ही स्क्रिप्ट लिहा:

व्हेन आय रिसीव्ह 'पॉपअप'
सेट 'पॉप' टू १
सेट 'निकाल' टू (रिकामे)
वेट अनटिल नॉट ('निकाल' = रिकामे)
सेट 'पॉप' टू ०

रिकामे म्हणजे खरेच रिकामे. खाचेत जे काही असेल ते पुसा. स्पेसही ठेवू नका.

आता चिबडाकडे या. 'माय ब्लॉक्स' मध्ये जाऊन 'विचार' नावाचा ब्लॉक करा आणि त्याला तीन मजकूर-खाचा द्या: कोणती पाटी, पहिले बटण, दुसरे बटण. 'रन विदाउट स्क्रीन रिफ्रेश' वर खूण करू नका. आत थांबायचे काम आहे आणि त्या खुणेने खेळ अडखळत चालतो.

डिफाइन 'विचार'
सेट 'पाटी' टू (कोणती पाटी)
सेट 'डावे' टू (पहिले बटण)
सेट 'उजवे' टू (दुसरे बटण)
ब्रॉडकास्ट 'पॉपअप' अँड वेट

आणि वापरायचा असा:

व्हेन धिस स्प्राइट क्लिक्ड
इफ 'पॉप' = ० देन
    सेट ब्राइटनेस इफेक्ट टू ३०
    विचार 'काढू' 'काढ' 'राहू दे'
    क्लिअर ग्राफिक इफेक्ट्स
    इफ 'निकाल' = 'काढ' देन
        हाइड

सगळी जादू 'अँड वेट' या दोन शब्दांत आहे. नुसता 'ब्रॉडकास्ट' निरोप देऊन चालू लागतो. 'ब्रॉडकास्ट अँड वेट' त्या निरोपाने सुरू झालेल्या सगळ्या स्क्रिप्ट संपेपर्यंत जागचा हलत नाही. स्टेजची स्क्रिप्ट 'निकाल' भरेपर्यंत संपत नाही, म्हणून चिबूडही अडून राहतो. आमच्या तोरणवाल्या पाटीच्या मागे नुसता 'ब्रॉडकास्ट' होता, एवढेच तिचे चुकले होते.

आणखी एक फायदा मुलांना दाखवा. कोणत्या फळाने विचारले हे कुठेही लिहून ठेवावे लागत नाही. थांबलेली स्क्रिप्ट चिबडाची आहे, तेव्हा पुढे जाऊन लपणाराही चिबूडच. हीच स्क्रिप्ट निरफणसाला दिली की तो स्वतःपुरता थांबतो.

तपासायला तात्पुरती स्क्रिप्ट स्टेजवर ठेवा: १ ची कळ दाबली की 'निकाल' मध्ये 'काढ', २ ची दाबली की 'राहू दे'. खेळ सुरू करणारा हिरवा झेंडा दाबा, चिबडावर क्लिक करा. पडद्यावर चिबूड थोडा उजळण्यापलीकडे काहीच होणार नाही. मुले म्हणतील, चालत नाही. १ दाबा. चिबूड गेला! पुन्हा खेळून २ दाबा, राहिला. पॉपअप इथे पूर्ण झाला. आता त्याला कपडे.

पायरी तिसरी: पडदा

नवे पात्र, नाव 'पडदा'. पूर्ण काळा आयत. स्टेज ४८० रुंद आणि ३६० उंच असतो. आयत कडांच्या थोडा बाहेर जाऊ द्या.

व्हेन आय रिसीव्ह 'पडदा ये'
गो टू एक्स ० वाय ०
सेट घोस्ट इफेक्ट टू १००
गो टू फ्रंट लेयर
शो
रिपीट ५
    चेंज घोस्ट इफेक्ट बाय -११

घोस्ट म्हणजे पारदर्शकपणा. पाच उड्यांनंतर तो ४५ वर येतो: मागचे दिसते, पण मंद. उजळवलेला चिबूड त्यातूनही ओळखू येतो, म्हणून मघाशी ब्राइटनेस वाढवला होता. 'पॉपअप बंद' हा निरोप आला की 'हाइड'. पुढच्या पायरीतल्या पाटीलाही हेच द्या.

पडदा शोभेचा नाही. स्क्रॅचमध्ये क्लिक सर्वांत वरच्या पात्रालाच मिळते, तेव्हा पडदा पुढे असला की मागची फळे क्लिकला दाद देत नाहीत. पण कीबोर्ड आणि 'फॉरएव्हर' चे फेरे पडदा अडवू शकत नाही. तुमच्या खेळात बाणांनी पळणारा उंदीर असेल तर तो पडद्याआडही पळेल. म्हणून प्रत्येक 'फॉरएव्हर' च्या आत 'इफ पॉप = ०' हवे. स्क्रॅचचा स्वतःचा 'टायमर' थांबवता येत नाही. वेळ मोजायची असेल तर आपले व्हेरिएबल घ्या आणि पॉप ० असतानाच ते वाढवा.

पायरी चौथी: पाटी

'पाटी' नावाच्या पात्राला प्रत्येक प्रश्नासाठी एक कॉस्च्यूम (पात्राचे चित्र) द्या आणि कॉस्च्यूमचे नाव म्हणजेच पाटीचे नाव. 'काढू', 'सगळे', 'पूर्ण'. मग स्क्रिप्ट लहानशी:

व्हेन आय रिसीव्ह 'पाटी ये'
स्विच कॉस्च्यूम टू ('पाटी' व्हेरिएबल)
गो टू एक्स ० वाय -४०
गो टू फ्रंट लेयर
शो

'स्विच कॉस्च्यूम' च्या यादीवर व्हेरिएबलचा गोल ब्लॉक सरळ टाकता येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्या नावाचा कॉस्च्यूम सापडला नाही तर स्क्रॅच तक्रार करत नाही, आधीचीच पाटी दाखवतो. आणि इथे शुद्धलेखन अंगाशी येते: फळाच्या स्क्रिप्टमध्ये 'काढु' आणि कॉस्च्यूमला 'काढू' असले की पाटी चुकीची. ऱ्हस्वदीर्घाचे महत्त्व मी मराठीच्या तासाला सांगून दमलो असतो. स्क्रॅचने एका दुपारी पटवले.

पाटीवर लिहायचे काय, यावर थोडा वेळ घालवा. मुलांनी आधी लिहिले होते, "तुम्हाला खात्री आहे का?" घरात कोणी असे विचारते का? आई विचारते, "काढू?" आणि आपण म्हणतो "काढ" किंवा "राहू दे". पाटीवर "हे माटोळीवरून काढायचे?" आणि बटणांवर 'काढ', 'राहू दे' एवढे पुरते. होय आणि नाही ही बटणे मी शक्यतो टाळतो, कारण प्रश्न थोडा जरी नकारार्थी झाला की घोटाळा. "हे नको ना?" याला 'नाही' म्हणणारा फळ ठेवायला सांगतोय की काढायला? बटणावर क्रियापद असले की प्रश्न न वाचता दाबणाराही वाचतो.

आता मराठी अक्षरांची गोष्ट. स्क्रॅचच्या चित्रकलेत मराठी लिहिता येते, पण त्याच्या फॉन्टच्या यादीत देवनागरी फॉन्ट नाही. अक्षरे त्या त्या संगणकाच्या फॉन्टने रेखली जातात. त्यामुळे घरी बरोब्बर बसलेली ओळ शाळेत पाटीबाहेर जाऊ शकते. उपाय असा: कॉस्च्यूमची नक्कल करा, नक्कलेवर 'कन्व्हर्ट टू बिटमॅप' दाबा (अक्षरांचे ठिपक्यांचे चित्र होते), आणि तीच वापरा. मूळ कॉस्च्यूम जपून ठेवा, कारण बिटमॅप झालेल्या मजकुरातला काना मात्राही पुन्हा बदलता येत नाही. पूर्ण पडद्यावर बिटमॅप किंचित धूसर दिसतो, तेवढे चालवून घ्यावे. थेट चित्रकलेत टाइप करताना जोडाक्षरे रुसली तर नोटपॅडवर लिहून चिकटवा. मी तेच करतो.

काही मुले विचारतील, पाट्या रंगवण्यापेक्षा एकेक अक्षराचे कॉस्च्यूम करून हवा तो मजकूर जुळवता येणार नाही का? इंग्रजीत ही युक्ती चालते. मराठीत नाही. स्क्रॅच शब्दातले प्रत्येक चिन्ह सुटे मोजते. 'लेंग्थ ऑफ म्हापसा' ला उत्तर ३ नव्हे, ७ येते: म, हलन्त, ह, काना, प, स, काना. 'लेटर ४ ऑफ म्हापसा' मागितले तर नुसता काना हाती येतो. फळ्यावर हे सात तुकडे मांडून दाखवले तेव्हा वर्ग पॉपअप विसरून आपापल्या गावांची लांबी मोजत बसला, आणि मीही त्यांना अडवले नाही.

पाटीवर बदलता आकडा दाखवायचा असेल तर मात्र सोपी वाट आहे. 'एकूण' व्हेरिएबलच्या स्टेजवरच्या चौकटीवर राइट-क्लिक करून 'लार्ज रीडआउट' निवडा, ती पाटीवरच्या मोकळ्या जागेत ओढून ठेवा, आणि पाटी येताना 'शो व्हेरिएबल', जाताना 'हाइड व्हेरिएबल'. या चौकटी सगळ्या पात्रांच्या वर राहतात. पडदाही त्यांना झाकत नाही. हाच त्यांचा उपयोग आणि हाच त्रास: तपासणीसाठी उघडे ठेवलेले बाकी व्हेरिएबल पाटीच्या डोक्यावर नाचतात. त्यांच्या खुणा काढा.

पायरी पाचवी: बटणे

एकच पात्र, नाव 'बटण'. कॉस्च्यूमची नावे बटणावरच्या मजकुराचीच: 'काढ', 'राहू दे', 'उतरव', 'बरं'. बटण आतून रंगाने भरलेले हवे. नुसती कड काढली तर अक्षरांच्या मधल्या पारदर्शक जागेवरचे क्लिक आरपार मागच्या पाटीला जाते, आणि मूल बटण बिघडले म्हणून बडवत राहते.

या पात्रापुरते एक व्हेरिएबल करा, 'माझे नाव'. हे मात्र 'फॉर धिस स्प्राइट ओन्ली', कारण प्रत्येक क्लोनला (खेळ चालू असताना निघणाऱ्या पात्राच्या प्रतीला) आपले नाव वेगळे ठेवायचे आहे.

व्हेन आय रिसीव्ह 'बटणे ये'
सेट 'माझे नाव' टू ('डावे')
गो टू एक्स -८० वाय -८०
क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ
इफ नॉट ('उजवे' = रिकामे) देन
    सेट 'माझे नाव' टू ('उजवे')
    गो टू एक्स ८० वाय -८०
    क्रिएट क्लोन ऑफ मायसेल्फ

व्हेन आय स्टार्ट अ‍ॅज अ क्लोन
स्विच कॉस्च्यूम टू ('माझे नाव')
गो टू फ्रंट लेयर
शो

व्हेन धिस स्प्राइट क्लिक्ड
सेट 'निकाल' टू ('माझे नाव')

व्हेन आय रिसीव्ह 'पॉपअप बंद'
डिलीट धिस क्लोन

क्लोन जन्मताना मूळ पात्राची जागा आणि व्हेरिएबलची किंमत सोबत घेऊन येतो, म्हणून दोन क्लोनना दोन नावे मिळतात. शेवटच्या स्क्रिप्टचा मूळ पात्रावर काही परिणाम होत नाही. 'डिलीट धिस क्लोन' फक्त क्लोनलाच लागू. मूळ पात्र सतत लपलेलेच राहते. उजवे बटण नको असेल, उदाहरणार्थ माटोळी पूर्ण झाल्याच्या पाटीवर, तर 'विचार' ची तिसरी खाच रिकामी सोडा.

इथे 'डिलीट' ऐवजी नुसते 'हाइड' ठेवले तर काय होते ते एकदा मुद्दाम बघा. क्लोनही निरोप ऐकतात. पहिल्या पॉपअपला २ क्लोन होतात. दुसऱ्याला मूळ आणि ते दोघे, असे तिघे प्रत्येकी दोन करतात, एकूण ८. मग २६, ८०, २४२. सहाव्या वेळी स्क्रॅचची ३०० क्लोनची मर्यादा आडवी येते आणि त्यापुढे नवी बटणे दिसेनाशी होतात. पाच-सहा वेळा चालणारा आणि मग बिघडणारा कार्यक्रम मुलांना फार छळतो, कारण ती दोष शेवटच्या बदलात शोधतात.

आता स्टेजची स्क्रिप्ट पुरी करा:

व्हेन आय रिसीव्ह 'पॉपअप'
सेट 'पॉप' टू १
सेट 'निकाल' टू (रिकामे)
ब्रॉडकास्ट 'पडदा ये' अँड वेट
ब्रॉडकास्ट 'पाटी ये' अँड वेट
ब्रॉडकास्ट 'बटणे ये' अँड वेट
वेट अनटिल नॉट ('निकाल' = रिकामे)
ब्रॉडकास्ट 'पॉपअप बंद' अँड वेट
सेट 'पॉप' टू ०

तीन निरोप वेगळे का? तिघांनाही 'गो टू फ्रंट लेयर' करायचे आहे. एकाच निरोपावर तिघे धावले तर शेवटी पोहोचणारा वर बसतो, आणि तो पडदा निघाला तर पाटी अंधारात. रांग लावली की भांडण नाही. १ आणि २ च्या कळांची तात्पुरती स्क्रिप्ट आता काढून टाका.

आणि हिरव्या झेंड्याला तिघांनीही लपायचे, स्टेजने 'पॉप' ० करायचा. स्क्रॅच पात्रांची शेवटची अवस्था फाइलमध्ये जपतो. पाटी उघडी असताना सेव्ह झाले तर पुढच्या वेळी ती उघडीच भेटेल.

टाइप करून घ्यायचे असेल तर

"किती नारळ बांधायचे?" अशा प्रश्नाला बटणे पुरत नाहीत. इथे 'आस्क अँड वेट' शीच जमवून घ्या. स्टेजची ही स्क्रिप्ट वेगळ्या निरोपावर ठेवा: पडदा आणि पाटी वरच्यासारखीच, बटणांऐवजी 'आस्क' रिकाम्या प्रश्नासह. प्रश्न पाटीवर असतोच. पाटीचा हा कॉस्च्यूम चित्रकलेतच जरा वर सरकवून काढा, कारण तळाची पट्टी टंकायच्या चौकटीने व्यापलेली असते. काही न लिहिता टिक केली तर रिकामे उत्तर येते, तेव्हा ते 'रिपीट अनटिल' मध्ये गुंडाळा. रद्द करायला शून्य लिहायचे असे पाटीवरच लिहून टाका.

आणि आता ते सुरुवातीचे आकड्यांचे. मराठी कीबोर्ड चालू असताना मूल ५ टाइप करते. स्क्रॅचला इंग्रजी पाच समजतो, मराठी ५ हे त्याच्या लेखी एक अक्षर. बेरजेत त्याची किंमत शून्य धरली जाते. पाच नारळ सांगितले, एकही आला नाही, आणि चूक कुठेच दिसत नाही! उपाय म्हणून 'आकडे' नावाच्या व्हेरिएबलमध्ये ०१२३४५६७८९ ही मराठी ओळ ठेवा (इथे मात्र खरोखर मराठीत), आणि उत्तराचे एकेक चिन्ह तपासत 'संख्या' जोडत जा:

सेट 'संख्या' टू (रिकामे)
सेट 'क' टू १
रिपीट (लेंग्थ ऑफ आन्सर)
    सेट 'ख' टू १
    रिपीट अनटिल ('ख' > १०) ऑर (लेटर 'ख' ऑफ 'आकडे' = लेटर 'क' ऑफ आन्सर)
        चेंज 'ख' बाय १
    इफ 'ख' > १० देन
        सेट 'संख्या' टू जॉइन ('संख्या') (लेटर 'क' ऑफ आन्सर)
    एल्स
        सेट 'संख्या' टू जॉइन ('संख्या') ('ख' - १)
    चेंज 'क' बाय १

यादीतले पहिले चिन्ह शून्य आहे म्हणून 'ख' मधून १ वजा. इंग्रजी आकडा आला तर तो यादीत सापडत नाही आणि जसाच्या तसा पुढे जातो, म्हणून दोन्ही कीबोर्ड चालतात. सातवीला ही स्क्रिप्ट जड जाते. मी ती तयार देतो आणि कागदावर १२ चालवून बघायला सांगतो.

तपासताना

पूर्ण पडद्यावर तपासा. संपादकात असताना कोणतेही पात्र माऊसने ओढता येते, त्यामुळे मुले पाटीच ओढून नेतात आणि पॉपअप तुटला म्हणतात. पूर्ण पडद्यावर ती हलत नाही. फळे मात्र तिथेही हलायला हवीत, म्हणून त्यांना झेंड्याला 'सेट ड्रॅग मोड ड्रॅगेबल' द्या.

पॉपअप उघडा असताना लाल बटण दाबून पाहा. स्टेज काळाकुट्ट होईल, पाटी तेवढी उरेल, बटणे नाहीशी. घाबरू नका: थांबवल्यावर स्क्रॅच सगळे ग्राफिक इफेक्ट पुसतो आणि क्लोन काढून टाकतो, म्हणून पडद्याचा घोस्ट गेला. झेंडा दाबला की पुन्हा जागेवर. प्रदर्शनात पालकांसमोर हे पहिल्यांदा घडू नये एवढ्यासाठी आधी पाहून ठेवा.

पॉपअप जमला की मुलांना तो सगळीकडे हवा असतो. आमच्याकडे एका गटाने फळ टांगतानाही विचारायला लावले: "नारळ टांगायचा?" 'टांग', 'राहू दे'. नऊ वस्तूंना नऊ वेळा. दुसऱ्या दिवशी त्यांनीच ते काढले. टांगलेले फळ पुन्हा काढता येते, तिथे विचारायचे कशाला? 'सगळी माटोळी उतरव' या बटणाला मात्र पॉपअप हवाच, आणि त्यात 'राहू दे' उजवीकडे, अंगठा आधी जातो त्या बाजूला.

सगळे नीट चालले की फळे काढून टाका. पण 'विचार' ब्लॉक असलेले एक फळ राहू द्या, कारण 'माय ब्लॉक्स' त्या त्या पात्रापुरते असतात आणि नवी पात्रे त्याची नक्कल करूनच करायची आहेत. उरलेला प्रकल्प 'पॉपअप साचा' नावाने संगणकावर सेव्ह करा. स्क्रॅचच्या बॅकपॅकमध्ये (स्क्रिप्ट आणि पात्रे जपायच्या कप्प्यात) ठेवले तर ते ऑनलाइन खात्यावरच मिळते, आणि आमच्याकडे पावसात इंटरनेट जाते ते तासाभराने येईलच असे नाही. ऑफलाइन स्क्रॅच आणि पेनड्राइव्हवरची फाइल असली की तास वाया जात नाही. पुढचा प्रकल्प नरकासुराचा आहे असे मुलांनी आताच कळवले आहे. त्यात पेटवण्याआधी विचारायचे की नाही यावर वाद चालू आहे.